भरती काही कट म्हटल्यावर थांबत नाही

बडोद्याचा आणि समुद्राचा काय संबंध असं कोणी विचारलं तर आपण फारतर सूरसागर तलाव दाखवतो, आजवा तलाव दाखवतो आणि विषय बदलतो. पण गाडी काढली तर दीड-दोन तासात कावी-कंबोई, जंबुसर तालुक्यात, खंभातच्या आखाताच्या कडेला. आत्ता स्क्रीनवर दिसतंय ते तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ, दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातं. भाविक हात जोडतात, कॅमेरावाल्याला मात्र घाम फुटतो.

कारण बघा, समजा इथे पाणी चढायला लागल्यावर हिरोचा क्लोजअप घेतला, मग लाइट, मेकअप, चहा, दोन-चार रिटेक, आणि हिरॉइनचा समोरचा अँगल लावेपर्यंत मागचं पाणी गुडघ्यावरून कमरेवर आलेलं. एडिटला दोन्ही शॉट शेजारी ठेवले की एकाच संवादात समुद्र वर-खाली. बरं उद्या परत येऊ म्हणाल, तर भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे ऊन तेच हवं असेल तर पाणी वेगळं आणि पाणी तेच हवं असेल तर ऊन वेगळं, दोन्हीचा मेळ बसायला जवळजवळ पंधरा दिवस, आणि तेव्हा ढग आले तर गेलंच सगळं. पंचांग उघडून शूटिंगचं शेड्यूल लावायचं, घ्या!

आणि हे झालं किनाऱ्यावरचं. खुल्या समुद्रात बोट एका नांगरावर सरळ उभीच राहत नाही, वारा नि प्रवाह फिरेल तशी फिरते, त्यामुळे आधीच्या टेकला डावीकडे असलेला सूर्य पुढच्या टेकला उजवीकडे. लेन्सवर खारे तुषार. इंजिनची घरघर आणि वारा एवढा की संवाद बहुतेक नंतर डबच करावे लागतात. युनिटमधले कितीतरी जण कठड्याला धरून उलट्या करत असतात, ते मेकिंगच्या व्हिडिओत कोणी दाखवत नाही.

१९७४ साली स्टीव्हन स्पीलबर्गने हट्ट धरला की शार्कवरच्या 'जॉज' सिनेमाचं शूटिंग स्टुडिओतल्या पाण्याच्या टँकमध्ये नाही, खऱ्या अटलांटिकमध्येच करायचं, मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ. ५५ दिवसांचं काम १५९ दिवसांवर गेलं. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात बिघडायचा ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, मला त्याहून भारी वाटते ती शिडाच्या होड्यांची. कथेत तीन माणसं समुद्रात एकटी पडलीयत, आणि मागे सुट्टीला आलेल्या पब्लिकच्या होड्या आरामात चाललेल्या! ती होडी फ्रेमबाहेर जाईपर्यंत अख्खं युनिट हातावर हात ठेवून बसायचं, तोवर बोट सरकलेली, लाइट बदललेला. कथेतल्या त्या तिघांची बोटच एकदा कॅमेऱ्यांसकट बुडाली. शिवाय कॅमेरा बोटीला घट्ट बसवला तर बोट स्थिर दिसते आणि क्षितिज डोलतं, बघणाऱ्याला मळमळतं, म्हणून ऑपरेटर मायकेल चॅपमनने बोटीवरचं बरंच शूटिंग कॅमेरा हातात धरून केलं, बोटीचे हेलकावे स्वतःच्या अंगावर झेलत.

जेम्स कॅमेरॉनने 'टायटॅनिक'साठी वेगळी युक्ती काढली. मेक्सिकोत रोसारितोला, पॅसिफिकच्या अगदी काठावर, १ कोटी ७० लाख गॅलनचा टँक बांधला, म्हणजे पाणी आपल्या ताब्यात आणि टँकच्या कडेपलीकडे खरा समुद्र, क्षितिज फुकट. त्यात जहाज उभं केलं जवळजवळ खऱ्या मापाचं, पण फक्त उजव्या बाजूचं. आता साउदम्प्टनच्या धक्क्याला खरं टायटॅनिक लागलं होतं डाव्या बाजूने. मग काय, जहाजाचं नाव, पाट्या, कपड्यांवरची अक्षरं, सगळं आरशातल्यासारखं उलटं लिहिलं, तसंच शूट केलं आणि नंतर फिल्मची डावी-उजवी बाजू उलटवून सरळ करून घेतली. पुढच्या वेळी तो धक्क्यावरचा निरोपाचा सीन लागला की उजव्या हाताने टाटा करणारे नीट बघा, त्यांनी शूटिंगच्या वेळी डावा हात हलवलेला असणार.