सव्वा लाख श्रोते आणि एक मैत्रीण

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च 1981 मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा कार्यक्रम झाला, तेव्हा मोरुंबी स्टेडियमवर सव्वा लाखाहून अधिक लोक जमले होते. ब्रायन मे याने गिटारवर ‘लव्ह ऑफ माय लाइफ’चे सूर छेडले आणि पोर्तुगीज बोलणारा तो सारा समुदाय ते इंग्रजी गाणे आपणच गाऊ लागला, गायक फ्रेडी मर्क्युरीला मधूनमधून नुसते ऐकत उभे राहावे लागले. सोडून चाललेल्या एकाच माणसाला घातलेली साद आता लाखभर कंठांतून त्याच्याकडे परत येत होती.

फ्रेडी मूळचा फरोख बुलसारा, झांजिबारमध्ये 1946 साली जन्मलेला पारशी मुलगा. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास आईवडिलांनी त्याला समुद्रापलीकडे, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तिथल्या सोबत्यांनी दिले आणि त्यांच्याच ‘हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानो वाजवू लागला. त्याच्या पुढच्या एकटेपणाचे मूळ चरित्रकार या वसतिगृहात शोधतात. मला मात्र तिथे मिळालेले नाव आणि सोबतीही तितकीच मोलाची वाटते.

लंडनमध्ये तो केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकत असे, त्या दिवसांत त्याची मेरी ऑस्टिनशी ओळख झाली. ती बीबा नावाच्या दुकानात काम करी. दोघांचा संसार एका लहानशा खोलीत सुरू झाला. 1976 च्या सुमारास, बँडचे नाव जगभर झालेले असताना, आपली ओढ पुरुषांकडे आहे हे त्याने तिला सांगितले. संसार मोडला, पण नाते तुटले नाही; ती त्याच्या घराजवळच राहिली, त्याची कामे सांभाळत राहिली आणि आपली खरी मैत्रीण ती एकटीच, असे तो मुलाखतींतून उघडपणे सांगत राहिला. त्याच्याभोवती रात्र रात्र मेजवान्या चालत, त्या काळातले हे बोलणे आहे.

फ्रेडीचा पुढचा जोडीदार जिम हटन हा आयरिश न्हावी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात केस कापण्याचे काम करी. एका क्लबात फ्रेडीने त्याला पेय देऊ केले, तेव्हा समोर कोण आहे हे न ओळखता त्याने साफ नकार दिला. पुढे दोघे एकत्र आल्यावरही त्याने आपली नोकरी लगेच सोडली नाही. क्वीनला मंचावर त्याने प्रथम पाहिले ते 13 जुलै 1985 रोजी, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर, ‘लाइव्ह एड’ या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात.

बँडमधले नातेही सरळ नव्हते. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या फ्रेडीच्या गाण्याच्या तबकडीची मागची बाजू ड्रमवादक रॉजर टेलरच्या गाण्याची होती आणि विक्री एकाच तबकडीची असल्याने त्यालाही मानधन तितकेच मिळे, त्यावरून चौघांत पुष्कळ धुसफूस झाली. 1989 च्या अल्बमपासून मात्र प्रत्येक गाणे चौघांच्या नावावर लागू लागले. फ्रेडी एड्सने खंगत चालला होता, आणि बातमीदार खोदून खोदून विचारत असतानाही तिघांनी ते बाहेर फुटू दिले नाही.

24 नोव्हेंबर 1991 रोजी तो गेला. मृत्युपत्रात त्याने हटनला पाच लाख पौंड ठेवले आणि गार्डन लॉज हे घर मेरीला दिले; पुढे हटनला ते घर सोडावे लागले आणि त्याचा सल त्याने लिहूनही ठेवला, तेव्हा खऱ्या नात्यांचीही आपसांत ओढाताण होते, हे इथे लपवण्याचे कारण नाही. त्या घराच्या भिंतीवर चाहते वर्षानुवर्षे निरोप लिहीत असत. फुले वाहायला मात्र समाधी कुठेच नाही, कारण फ्रेडीच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा मेरीने एकटीने नेली, आणि ती जागा तिने आजवर उघड केलेली नाही.