टॉमस स्टार्झल : यकृतासाठी वेचलेलं आयुष्य

श्रोतेहो, नमस्कार.

बापानं लेकीला यकृताचा तुकडा दिला आणि दोघंही सुखरूप घरी आले, अशी बातमी आता वरचेवर कानावर येते. ही वाट ज्यांनी पाडली, त्या अमेरिकन शल्यविशारद टॉमस स्टार्झल यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. त्यांच्या यशाबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला मात्र त्यांनी काम थांबवलं, त्या काळाबद्दल सांगायचं आहे. त्यांचं मोठेपण मला तिथं दिसतं.

त्यांचा जन्म १९२६ चा, आयोवा राज्यातल्या एका लहानशा गावातला. आई परिचारिका, वडील वर्तमानपत्राचे संपादक. शिकागोत कुत्र्यांवर यकृत बदलण्याचे प्रयोग करून ते डेन्व्हरला आले आणि १ मार्च १९६३ रोजी त्यांनी माणसावरचं जगातलं पहिलं यकृत प्रत्यारोपण करायला घेतलं. रुग्ण होता तीन वर्षांचा मुलगा. जन्मतःच पित्तनलिका बंद असल्यानं त्याचं यकृत निकामी झालं होतं. अशा आजारात यकृत कडक होतं, रक्ताला वाट मिळत नाही आणि पोटभर शिरा फुगून येतात. त्यात आधीच्या शस्त्रक्रियांमुळे आतलं सगळं चिकटलेलं. हात लावावा तिथं रक्त यायला लागलं. रक्त गोठवणारी प्रथिनंही यकृतातच तयार होतात, त्यामुळे ते रक्त थांबेना. मूल टेबलावरच गेलं.

पुढच्या रुग्णांच्या वेळी रक्त गोठण्याची कसून तजवीज केली गेली. यकृत काढून दुसरं जोडेपर्यंत शरीराच्या खालच्या भागातलं रक्त नळीतून वळवून हृदयाकडे न्यावं लागे. त्या नळ्यांतच गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसात जाऊन अडकल्या. दुसरा रुग्ण बावीस दिवस जगला. पहिल्या मृत्यूवर काढलेला इलाज दुसऱ्याच्या जिवावर बेतला, श्रोतेहो. डेन्व्हरमध्ये पाच, बॉस्टनमध्ये एक, पॅरिसमध्ये एक. सातांपैकी एकही रुग्ण तेवीस दिवसांपलीकडे गेला नाही.

आणि स्टार्झल थांबले. तीन वर्षांहून अधिक काळ त्यांनी माणसाच्या यकृताला हात लावला नाही. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाचं काम मात्र चालू ठेवलं, प्रयोगशाळेत परत गेले. परकं यकृत शरीरानं नाकारू नये म्हणून घोड्यांच्या रक्तापासून नवं औषध तयार करून घेतलं. काढलेलं यकृत टिकवायचं कसं, यावर काम केलं. मेंदू कायमचा बंद पडला की हृदय चालू असतानाही माणूस मृत मानायचा, ही मेंदूमृत्यूची कल्पनाच तेव्हा मान्य नव्हती. दात्याचं हृदय थांबेपर्यंत वाट पाहावी लागे आणि तेवढ्यात यकृत खराब होऊ लागे. आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानं मेंदूमृत्यूला मान्यता दिली. तो कायदा सुरुवातीलाच लागू करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते.

जुलै १९६७ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. यकृताचा कर्करोग झालेली दीड वर्षांची मुलगी नव्या यकृतावर वर्षाहून अधिक काळ जगली. पुढं कर्करोग पसरला आणि ती गेली, पण यकृत चाललं होतं. भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं. ते बाळ वीस महिन्यांचं होतं, आजार डेन्व्हरच्या त्या पहिल्या मुलाचाच, पित्तनलिकांचा, आणि यकृत दिलं वडिलांनी.

स्टार्झल यांचं एक संशोधन फारसं कुणी सांगत नाही. आतड्यांकडून यकृताकडे जाणारं रक्त दुसरीकडे वळवलं, की यकृत आक्रसतं. का, हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवला. त्या रक्तात स्वादुपिंडातून आलेलं इन्शुलिन असतं आणि यकृत त्यावर पोसतं, हे त्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. माझ्या मते निव्वळ याच कामासाठीही त्यांचं नाव राहिलं असतं.

बाकीचं भराभर सांगतो. १९८० मध्ये त्यांनी सायक्लोस्पोरिन या, शरीरानं परका अवयव नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाला स्टेरॉइडची जोड दिली आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे दुपटीनं वाढलं. १९८१ पासून ते पिट्सबर्गमध्ये होते. ही शस्त्रक्रिया आता प्रायोगिक राहिलेली नाही, असं १९८३ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवलं. १९८९ मध्ये त्यांनी याच कामाचं टॅक्रोलिमस हे औषध वापरात आणलं. जपानमधल्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळालेलं हे औषध आज आपल्याकडचे रुग्णही रोज घेतात.

स्वतःच्या हृदयावर बायपास झाल्यावर त्यांनी शस्त्रक्रिया सोडली, संशोधन नाही. १९९२ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना बोलावून तपासलं. दात्याच्या पेशी त्यांच्या त्वचेत, रक्तात जिवंत सापडल्या! काहींनी तर अवयव नाकारला जाऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या कधीच्या सोडल्या होत्या, तरी यकृत ठणठणीत होतं. मग गोळ्या हळूहळू, देखरेखीखाली कमी करून पाहण्याचं काम पिट्सबर्गमध्ये सुरू झालं. थोड्यांच्या गोळ्या पूर्ण सुटल्या, बऱ्याच जणांना पुन्हा सुरू कराव्या लागल्या. ४ मार्च २०१७ रोजी, नव्वदाव्या वर्षी स्टार्झल गेले. कोणत्या रुग्णाच्या गोळ्या सुटतील आणि कोणाच्या नाही, हे आधी खात्रीनं सांगणारी चाचणी अजून सापडायची आहे.

नमस्कार.