धनुष्याच्या पाठीवर माशाची कातडी

(लाकूडकामाची हौस असलेल्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माशाची कातडी चिकटवली की धनुष्य जास्त जोरात मारतं का? हा प्रश्न शेवटी येणारच आहे, म्हणून उत्तर आत्ताच देऊन टाकतो. नाही मारत. ओढायला ४० पौंड लागणारं धनुष्य कातडी लावल्यावरही ४० पौंडांचंच राहतं. उलट टोकांपाशी कातडी, सरस आणि वॉर्निश यांचं वजन वाढलं, तर बाण थोडा मंदावतोच. तरीही परदेशातले हौशी कारागीर सॅमनची, कार्पची, कॅटफिशची कातडी जमवून धनुष्यांना लावत असतात. काहींना ती नुसती दिसायलाच आवडते. त्यात गैर काही नाही, खवल्यांच्या जागी उमटणारी ती जाळी खरंच देखणी असते. पण तिला एक कामही आहे, आणि ते समजायचं तर आधी धनुष्य तुटतं कसं ते बघावं लागेल.

दोरी ओढली की धनुष्याची तुमच्याकडची बाजू दाबली जाते आणि समोरची ताणली जाते. तुमच्याकडचं ते पोट, समोरची ती पाठ. आता गंमत अशी, की सरळ रेषेचं, बिनगाठीचं लाकूड तंतूंच्या दिशेने दाबापेक्षा ताण जास्त सोसतं, साधारण दुप्पट. म्हणजे हिशोबाने पोट आधी जायला हवं. तसं ते जातंही, पण पोटाचं जाणं सौम्य असतं. तंतू चेपतात, बारीक सुरकुत्या पडतात, धनुष्य बाक धरून बसतं. हातात मात्र शाबूत राहतं. पाठीचं तसं नाही. लाकूड लांबीच्या सुमारे एक टक्का ताणलं गेलं की त्याची हद्द आली. तिथे कुठे गाठ असली, रंध्याने एखादं वर्षवलय कापलं गेलं असलं किंवा रेषा तिरपी निघून कडेला आली असली, तर तिथला एक तंतू सुटतो. ढलपी उठते, ती पुढच्या तंतूला उचलते, आणि पुढचं सगळं क्षणात होतं. मोठा आवाज, दोन तुकडे, आणि नशीब बरं असेल तर कपाळ शाबूत.

म्हणून पाठीला काहीतरी लावायचं. याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. एक म्हणजे काम करणारं अस्तर. हरणाच्या पायातल्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे चिवट दोर, वाळवून, कुटून त्यांचे धागे सरसात भिजवून पाठीवर लांबीच्या दिशेने बसवतात. कंडरा लाकडाच्या कितीतरी पट ताणली जाते आणि परत येते, त्यामुळे धनुष्य आखूड करता येतं आणि तरी लांब ओढता येतं. दुसरं राखण करणारं अस्तर. कच्चं चामडं, तागाचं कापड, रेशीम, माशाची कातडी ही सगळी या दुसऱ्या गटातली. ती ओढीत भाग घेत नाहीत, ढलपी उठू देत नाहीत, एवढंच.

मासा या दुसऱ्या गटात का, याचं कारण त्याच्या अंगात आहे. कातडी कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाच्या तंतूंची असते. कंडरेत हे तंतू सगळे एकाच दिशेने धावतात. माशाच्या कातडीत ते थराथराने, एक थर उजवीकडे तिरपा तर पुढचा डावीकडे तिरपा, असे अंगाभोवती गुंडाळलेले असतात. पोहताना शरीर दोन्ही बाजूंना वळावं म्हणून ही रचना. प्लायवूडमध्ये आपण थर आडवे-उभे टाकतो, तसंच. अशी कातडी धनुष्यावर लावली की लांबीच्या दिशेने ती सहज ताणली जाते, म्हणून जोर देत नाही. पण कुठल्याही दिशेने उठू पाहणाऱ्या ढलपीला तिचा कुठला ना कुठला थर आडवा येतो. आणि हे सगळं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या जाडीत. गाईच्या कच्च्या चामड्याला हे जमत नाही, ते बरंच जड पडतं.

आपल्याकडे ही गरज फारशी पडली नाही. भिल्लांचा कमठा बांबूचा असतो आणि बांबूचे सगळ्यात घट्ट तंतू त्याच्या सालीलगतच असतात. ती साल समोर ठेवली की पाठ तयारच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याचे ताल, चाप, दारव आणि शार्ङ्ग असे चार प्रकार दिलेत, म्हणजे ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. यातलं आपल्या आजच्या कामाचं ते दारव. आपल्या सह्याद्रीतली धामण या कामाला उत्तम. कुऱ्हाडीच्या दांड्याला ती का वापरतात ते तुम्हाला माहीतच आहे. धामणीचा फोक सरळ मिळाला, साल काढून त्याखालचं वलय अख्खं ठेवता आलं, तर पाठीला काहीही लावू नका. फळीतून कापलेल्या लाकडाचं मात्र तसं नसतं. रेषा सुताराच्या मर्जीने चालत नाहीत, आणि तिथे कातडी कामाला येते.

आता ज्या माणसामुळे मला हा सगळा विषय नीट कळला, त्याच्याकडे येतो. कॅलिफोर्नियात लॅसेन पर्वताच्या पायथ्याला 'याही' (Yahi) अशा नावाचे लोक राहत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांच्या कत्तली केल्या. १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ त्यांच्यातला शेवटचा एक माणूस उपाशी अवस्थेत सापडला. त्याला इशी म्हणत. पुढची वर्षं तो सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला आणि १९१६ मध्ये क्षयाने गेला. तिथल्या इस्पितळातले शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याच्याकडून तिरंदाजी शिकले आणि इशी धनुष्य कसं करतो ते त्यांनी बारकाईने लिहून ठेवलं. अमेरिकेतल्या आजच्या हौशी तिरंदाजीची एक मोठी मुळी तिथे आहे.

इशीचं धनुष्य डोंगरी जुनिपरचं. पाठ खरबरीत करून त्यावर तो आधी सरस लावी, तो वाळला की हरणाच्या पायातल्या कंडरा चावून चावून मऊ करी, त्यांचे धागे सुटे करी आणि पाठीवर बसवी. आणि तो सरस कशाचा? सॅमनची कातडी उकळून केलेला. म्हणजे आज आपण जी कातडी धनुष्यावर अस्तर म्हणून लावतोय, तीच इशी उकळून टाकत होता! त्याच्या धनुष्यात मासा होता, पण दिसत नव्हता.

जुन्या धनुष्यांत मासा बहुतेक असाच भेटतो. तुर्की धनुष्यात लाकूड, शिंग आणि कंडरा एकत्र धरणारा उत्तम सरस डॅन्यूब नदीतल्या स्टर्जन माशाचा. सायबेरियात ओब नदीकाठचे खांती दोन लाकडांचं धनुष्य करत, पाठीला बर्च आणि पोटाला सूचिपर्णी झाडाचं घट्ट लाकूड. जोड माशाच्या सरसाचा, वरून मात्र बर्चची साल. का, तर साल पाणी झटकते आणि माशाची कच्ची कातडी पाणी पिते. तिकडे पूर्वेला अमूर नदीवरचे नानाई सॅमनच्या कातडीचे अंगरखे घालत. म्हणजे कातडी कमावण्याचं ज्ञान त्या मुलुखात होतंच. आपल्या कोळीवाड्यांना तर सरसाच्या या मासळीची वेगळी ओळख नको. घोळ माशाचं बोत, म्हणजे त्याच्या पोटातली हवेची पिशवी, सोन्याच्या भावाने जातं, तिचाही असाच सरस होतो. आपल्याला मासा म्हणजे कालवण. पण त्याच्या अंगातला चिकटपणा खवय्यांच्या आधी कारागिरांनी ओळखला असावा, असं मला उगाचच वाटतं.

एकाच कातडीचा सरसही होतो आणि अस्तरही, ते कशामुळे? उष्णतेमुळे. कोलॅजन तापलं की त्याचा पीळ उलगडतो आणि ते जिलेटिन होतं. आणि मासा थंड रक्ताचा असल्याने तो ज्या पाण्यात राहतो त्यावर हे तापमान ठरतं. गोठणाऱ्या समुद्रातल्या कॉडचं कोलॅजन वेगळं काढून पाण्यात सोडलं, तर १५ अंश सेल्सियसच्या आसपासच उलगडतं. गाईचं चाळिशीला. अख्ख्या कातडीत तंतू एकमेकांना धरून असतात म्हणून ती आणखी वीस-पंचवीस अंश तग धरते, पण क्रम तोच. आता बघा, आपण सुतारकामात वापरतो तो जनावरांचा सरस साधारण ६० अंशांवर लावतो. त्यात थंड पाण्यातल्या माशाची ओली कातडी ठेवली तर डोळ्यांदेखत आक्रसून गोळा होते. परदेशी कृती वाचून गरम सरस तयार ठेवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

या बाबतीत आपले मासे आपल्या बाजूने आहेत. उजनीत ढिगाने मिळणारी चिलापी उष्ण पाण्यातली, तिची कातडी कॉडपेक्षा खूपच सोशिक. याच चिलापीची कातडी ब्राझीलमध्ये डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर बांधून पाहिली आहे. अडचण लांबीची. साडेपाच फुटी धनुष्याच्या एका बाहूला, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतच्या भागाला, अडीच फुटांहून जास्त पट्टी लागते, एवढी चिलापी कुठून आणायची? मोठा कटला, रोहू किंवा मरळ बघा, आणि जोड द्यायचाच तर मुठीपाशी द्या, तिथे वरून दोरा गुंडाळता येतो. टोकाची चार बोटं उघडी ठेवून तिथेही दोराच गुंडाळला तर वजनही वाचतं. वाम लांब असते, पण तिला दिसण्याजोगे खवलेच नाहीत, म्हणजे जाळी नाही.

साप? अमेरिकेत रॅटलस्नेकची कातडी सर्रास लावतात, हे मला माहीत आहे. इथे तो विचारही नको. साप, अजगर, घोरपड ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मुशी आणि पाकट यांच्याही काही जाती संरक्षित आहेत आणि बाजारात कापलेल्या तुकड्यावरून जात ओळखणं कठीण, तेव्हा त्याही सोडा. बाजारातला रोहू बरा.

कोळणीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुकडे करून मोकळी होईल. आपण मासा कातडीसकट शिजवतो, त्यामुळे "नुसती कातडी पायजे" म्हटलं की ती तुमच्याकडे जरा बघेलच. घरी आणली की बोथट सुरीने आतलं मांस खरवडायचं, बाहेरून खवले काढायचे. मग भांड्यांचा साबण आणि थंड पाणी. कोमट नको, थंडच. इथे घाई करू नका. आत राहिलेली चरबी पुढे खवट होते, पिवळी पडते आणि चिकटलेलं सोडवते. दोन-तीनदा धुवा, बोटांना बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत. मीठ लावून ठेवली असेल तर मीठही पूर्ण जायला हवं, ते हवेतला ओलावा ओढत राहतं.

लाकूड काचपेपरने खरबरीत करा, स्पिरिटने पुसा. फेविकॉलसारखा पांढरा गम इथे व्यवस्थित चालतो, कारण या जोडावर मोठा भार नाही. गम दोन्हीकडे लावा आणि कातडी ओलीच ठेवा. डोक्याकडची बाजू मुठीकडे, शेपटीची टोकाकडे. धनुष्यही त्याच बाजूला निमुळतं होतं आणि मुठीकडून टोकाकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतो. अंगठ्याने मधून कडेला हवा काढत जा. ताणू मात्र नका, ती सुकताना स्वतःच आक्रसते. म्हणूनच दोन्ही कडांना बोटभर जास्त ठेवायची आणि सुकल्यावर कानशीने खाली घासत काढायची. वर सुती बँडेज गुंडाळा.

मग थांबा. गमातलं पाणी लाकडात शिरलेलं असतं, आणि ओलं लाकूड ओढलं की बाक धरतं. कोरड्या दिवसांत आठवडाभर, कोकणात पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. शेवटी वॉर्निशचे दोन-तीन हात. नुसत्या लाखेवर पाण्याचे पांढरे डाग पडतात.

एक तक्रार माझीही आहे. कातडी पाठ झाकते. उघड्या पाठीवर कापसाचा बोळा फिरवला की उठलेला तंतू लगेच सापडतो. कातडीखाली तो दिसत नाही. म्हणून दोन्ही बाहू सारखे वाकतील असं तासून झाल्यावर, शंभरेक बाण मारून धनुष्य टिकतंय याची खात्री करूनच कातडी लावावी. आणि चीर गेलेलं धनुष्य कातडीने वाचत नाही. ते चुलीत घालावं.

प्रश्न आला आहे की वास येतो का. नीट धुतली असेल तर सुकल्यावर येत नाही. येत असेल तर चरबी राहिली, आणि वॉर्निशने ती दबत नाही. अशा वेळी वॉर्निश खरवडा, हाताला सोसवणार नाही एवढ्या गरम पाण्यात फडकं पिळून कातडीवर गुंडाळा, निवलं की पुन्हा गरम करा. इशीने जे मुद्दाम केलं तेच इथे होतं, कातडीचं जिलेटिन होऊन ती लिबलिबीत होते. गमही ढिला पडतो. मग बोथट पटाशीने सोलून घ्या, लाकूड पुन्हा आठवडाभर सुकू द्या आणि दुसरी कातडी लावा.