पोटातली सुई आणि सुजलेली पोटरी

श्रोतेहो, नमस्कार.

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या मंडळींशी आज बोलायचं आहे. कोल्हापुरात हे बाकडं कधी रिकामं नसतं. चंदगड, गडहिंग्लज, राधानगरीकडचे पेशंट इथंच येतात आणि सोबतची माणसं डबा-चादर घेऊन तिथंच मुक्काम ठोकतात.

"आजार छातीचा, मग सुई पोटात का?" हा त्यांचा हमखास प्रश्न. जुन्या माणसांना तर कुत्रं चावल्यावरची पोटातली चौदा इंजेक्शनं आठवतात. ही सुई हेपॅरिनची, नाहीतर त्याच्याच घराण्यातल्या एनॉक्सापॅरिनची. गंमत म्हणजे हेपॅरिन 1916 साली अमेरिकेत बाल्टिमोरला सापडलं, ते कुत्र्याच्याच यकृतात! शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते देतात.

पायातलं रक्त वर ढकलायला पोटरीचे स्नायू लागतात. पेशंट निपचित पडला की ते थांबतात आणि रक्त साचतं. त्यात जंतुसंसर्गानं रक्त गोठायला टपलेलं, शिवाय मानेच्या नाहीतर मांडीच्या शिरेत नळी. गुठळी सुटली तर हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकते. ऑक्सिजन झपाट्यानं उतरतो, नाडी पळायला लागते. व्हेंटिलेटरवर गुंगीत असलेला माणूस "पाय दुखतोय" म्हणून सांगणार तरी कसा?

मेंदूत रक्तस्राव झालेल्याला ही सुई लगेच देता येत नाही. त्याच्या पायांना हवेनं फुगून पोटरी दाबणारे, रक्त वर ढकलणारे पट्टे बांधतात. "कशाला जखडलंय बिचाऱ्याला" म्हणत ते परस्पर सोडू नका.

आता पाय चेपण्याबद्दल. भेटायच्या वेळेत आत गेल्यावर लेकरू आईचे पाय चेपणारच, दुसरं काय करणार ते! पण एकच पाय सुजलेला, गरम लागतोय, पोटरी टणक झालीय, असं दिसलं तर चेपू नका, तेल चोळणं तर नकोच. चोळल्यानं गुठळी सुटायची भीती असते. सिस्टरांना हाक मारा. शिरेतलं रक्त वाहतंय की अडलंय हे दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी खाटेशेजारीच करता येते.

आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. पूर्वी गुठळी झाली होती का, घरात कुणाला झाली होती का, कॅन्सर, नुकतंच झालेलं बाळंतपण, सगळं सांगा. पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं सासू-सासऱ्यांसमोर बोलायला नवरे लाजतात. मग डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, पण सांगा.

घरी सोडल्यावरही काही आठवडे हा धोका राहतो. लिहून दिलेलं औषध मनानं बंद करू नका. अचानक दम लागला, छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडलं, तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघत बसू नका. 108 ला फोन लावा.

नमस्कार.