आंबेमोहराच्या दाण्याएवढा रणगाडा

मंडळी, प्रत्येकाच्या हातात आंबेमोहर तांदळाचा एक दाणा दिला आहे. तो चिमटीत उभा धरा, हात ताठ करा, एक डोळा मिटा. हजार-अकराशे मीटरवरून तुमच्या अंगावर येणारा अमेरिकन बनावटीचा पॅटन रणगाडा त्या दाण्याच्या जाडीआड मावतो. साडेतीन मीटरहून रुंद आणि ४० टनांहून जड यंत्र, पण दिसतं एवढंच! गनरची दुर्बीण ते मोठं करून दाखवते, अंतर मात्र गनरलाच काढावं लागतं.

त्यासाठी 'मिल' हे माप. १००० मीटरवरची १ मीटर रुंदी म्हणजे १ मिल. दुसऱ्या महायुद्धात जर्मन दुर्बिणींच्या काचेवर त्रिकोण कोरलेले असत, मधला ४ मिल रुंद. ३ मीटर रुंदीचा रशियन टी-३४ त्याच्या निम्म्यात बसला, की अंतर १५०० मीटर. कागदावर हा भागाकार सोपा आहे. पण समोरचा रणगाडा तिरका असतो, निम्मा झाडीत असतो, धुळीत असतो. आणि चूक महागात पडते. सेकंदाला ८०० मीटर वेगाचा गोळा १००० मीटर जाईपर्यंत आठ-नऊ मीटर खाली येतो. शत्रू १२०० मीटरवर असताना १००० धरले, तर गोळा नेमाच्या दोन मीटरहून जास्त खाली, म्हणजे मातीत जातो.

यावर अमेरिकेने पॅटनमध्ये स्टिरिओस्कोपिक रेंजफाइंडर, म्हणजे दोन डोळ्यांनी अंतर मोजण्याचं यंत्र, बसवला. टरेटच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या घुमटाच्या, दोन बाजूंच्या भिंगांतून दोन डोळ्यांना दोन चित्रं दिसतात आणि त्यांत खुणा अधांतरी तरंगतात. चाक फिरवत त्या खुणा नेमक्या शत्रूच्या खोलीवर आणायच्या, की अंतर कळतं. कल्पना फार सुंदर आहे! पण दोन्ही डोळे सारखे तेज हवेत, सराव हवा, मन शांत हवं. सगळ्यांना ते जमत नाही. अमेरिकेनेच पुढे एम-६० या रणगाड्यात ही पद्धत सोडून दोन प्रतिमा जुळवण्याची पद्धत घेतली.

८ ते १० सप्टेंबर १९६५, भारत-पाक युद्ध, पंजाबात खेमकरणजवळचं असल उत्तर हे गाव. पॅटन पाकिस्तानकडे होते. आपल्या सेंच्युरियन आणि शर्मन रणगाड्यांत असा रेंजफाइंडर नव्हता. पण आपण घोड्याच्या नालेच्या आकारात, उभ्या उसात दबा धरून होतो आणि शेतांत पाणी सोडलं होतं. पॅटन चिखलात रुतले आणि बाजू दाखवत अगदी जवळ आले. इतक्या जवळून गोळ्याचा मार्ग जवळजवळ सरळ असतो, शे-दीडशे मीटरची चूकही खपते. लांबचं अचूक मोजणं ही पॅटनची खरी ताकद. माझ्या मते आपल्या लोकांनी जागाच अशी निवडली, की ती ताकद कामीच येऊ नये.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन उभा आहे. गेलात तर तोफेकडे नंतर बघा. आधी टरेटच्या दोन्ही अंगांना आलेले ते फुगवटे बघा. रेंजफाइंडरचे डोळे तिथे आहेत.