लगामाची कडी : ‘ह-क-म’ या अरबी धातूचा विस्तार

श्रोतेहो, आज मी एकाच अरबी धातूविषयी, म्हणजे शब्दांच्या एकाच मुळाविषयी, बोलणार आहे, आणि त्याची सुरुवात मला घोड्याच्या तोंडापासून करायची आहे. लगामाचा जो भाग घोड्याच्या जबड्याभोवती येतो आणि त्याला उधळू देत नाही, त्याला अरबीत ‘हकमा’ म्हणतात. दहाव्या शतकातला कोशकार इब्न फारिस सांगतो की ह, क आणि म या तीन व्यंजनांचा मूळ अर्थ एकच, तो म्हणजे अडवणे. ‘हुक्म’, म्हणजे निवाडा, अन्यायाला अडवतो आणि ‘हिक्मा’, म्हणजे शहाणपण, अज्ञानाला अडवते. हिब्रूतही शहाण्या माणसाला याच धातूवरून ‘हाखाम’ म्हणतात, त्यामुळे शहाणपणाचा अर्थही तितकाच जुना असावा असे मला वाटते. तरीही लगामाचे हे चित्र मनात ठेवले की पुढचे सगळे शब्द आपोआप उलगडत जातात.

अरबीत व्यंजने जागच्या जागी राहतात आणि स्वरांचे साचे बदलतात. पहिल्या व्यंजनानंतर दीर्घ ‘आ’ आला की तो कर्ता होतो : ‘हाकिम’, निवाडा करणारा किंवा सत्ता चालवणारा. दुसऱ्यानंतर दीर्घ ‘ई’ आली की अंगी मुरलेला गुण दिसतो : ‘हकीम’, म्हणजे ज्ञानी, आणि त्यावरूनच वैद्य. मराठीने हाकीम आणि हकीम हे दोन्ही शब्द वेगळे जपले, याचे मला फार कौतुक वाटते, कारण एका मात्रेच्या जागेवर इथे अख्खा अर्थ उभा आहे. आधी ‘म’ लावून स्थळ दाखवले की ‘महकमा’, म्हणजे न्यायालय, तयार होते. ‘हकम’ म्हणजे लवाद, आणि आज फुटबॉलच्या पंचालाही हाच शब्द आहे. ‘मुहकम’ म्हणजे असे घट्ट बांधलेले की ज्यात ढिलाई नाही. कुराणाच्या तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या आयतीत निःसंदिग्ध वचनांना हेच विशेषण लावले आहे.

या धातूवरून रक्तही सांडले आहे. इ. स. 657 मध्ये सिफ्फीनच्या लढाईनंतर खलिफा अली आणि त्यांना आव्हान देणारा सीरियाचा सुभेदार मुआविया यांनी आपला वाद लवादाकडे, म्हणजे ‘तहकीम’कडे, सोपवला, तेव्हा ‘हुक्म फक्त अल्लाहचा’ अशी घोषणा देत अलींच्याच पक्षातला एक गट फुटला आणि पुढे खारिजी म्हणून ओळखला गेला. म्हणजे लवाद करणाऱ्यांचा शब्द आणि त्याला विरोध करणाऱ्यांची घोषणा, दोन्ही एकाच धातूतून निघाली होती.

मराठीत हे शब्द फारसीच्या वाटेने आले. ‘हुक्म’ हे जोडाक्षर सोडवून आपण ‘हुकूम’ केले आणि विभक्तीत, ‘लाकूड-लाकडाला’ या चालीवर, ‘हुकमाला’ म्हणू लागलो. इतका तो आपला झाला. (‘हक्क’ मात्र या कुळातला नाही, त्यातला ‘क’ अरबीत वेगळा आहे.) पत्त्यांच्या डावात तो इतर रंगांवर मात करणारा रंग झाला आणि त्यातून ‘हुकमी एक्का’ आला. ‘हिकमत’ मात्र तत्त्वज्ञानाच्या उंचीवरून खाली उतरून आपल्याकडे युक्ती झाली : गंजलेल्या कुलपात तेलाचे दोन थेंब सोडून, किल्ली न मोडता, ते हलक्या हाताने उघडणाऱ्याला आपण हिकमती म्हणतो.