नव्वद एकरांचं गवत

[दृश्य: ड्रोनमधून दिसणारा कोर्स. मातकट जमीन, मधूनमधून हिरवे तुकडे.]

वरून पाहिलं तर हा गोल्फ कोर्स सलग दिसतच नाही. हिरवे तुकडे सुटेसुटे पडलेत आणि मधली जागा भरायची राहून गेलीय, असं वाटतं. पण ती राहून गेलेली नाही, मुद्दाम सोडली आहे. सोडायला लावली ती पाण्याच्या हिशेबानं.

हे आहे अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य, सोनोरन वाळवंट. फिनिक्स आणि त्याला लागून असलेलं स्कॉट्सडेल. वर्षाचा पाऊस जेमतेम १८ ते २० सेंटिमीटर, आणि गोल्फ कोर्स मात्र गल्लोगल्ली म्हणावेत इतके.

१९८० साली ॲरिझोनानं भूजल व्यवस्थापनाचा कायदा केला. शेती आणि वाढती शहरं, दोघांच्याही उपशानं विहिरी खोल चालल्या होत्या. पुढे या कायद्याखाली नव्या गोल्फ कोर्सना पाण्याचा कोटा बांधून दिला गेला. होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खड्ड्यात जाईपर्यंतचा एक टप्पा. अशा एका होलमागे पाच एकर गवत धरायचं. अठरा होल, म्हणजे नव्वद एकर. फिनिक्स परिसरात एकरामागे वर्षाला पाणी ४.९ एकर-फूट. म्हणजे त्या एकरावर जवळजवळ पाच फूट पाणी उभं राहील, इतकं. आभाळातून पडणारं तिथं फूटभरही साठत नाही. नव्वद एकरांचा गुणाकार केला की आकडा येतो सुमारे ५४ कोटी लिटर. आणि ही मर्यादा घातल्यानंतरची गोष्ट.

मग आरेखन करणाऱ्यांनी काय केलं? गवत फक्त जिथं चेंडू पडायला हवा तिथं ठेवलं. पहिला फटका मारायची जागा म्हणजे टी, तिथं थोडं. मधली वाट म्हणजे फेअरवे, तिथं पट्टाभर. चेंडूचा खड्डा असतो त्या ग्रीनभोवती नीटस. मध्ये वाळवंट जसंच्या तसं. खेळाडूनं एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चेंडू मारायचा. चुकला, तर तो चोया निवडुंगाच्या काट्यांत जातो. तो काढायला हात घालण्यापेक्षा नवा चेंडू घेणं स्वस्त पडतं, शिवाय झुडपाखाली रॅटलस्नेक असू शकतो.

ही कल्पना मात्र कायद्याहून जुनी. १९६२ मध्ये केअरफ्री गावात रेड लॉरेन्स यांनी डेझर्ट फॉरेस्ट हा कोर्स आखला, तेव्हा फेअरवेवर एकही बंकर ठेवला नाही. दोन्ही अंगांना वाळवंट असताना वाळूचे खड्डे खणायचे कशाला? इतका साधा विचार. नंतर १९८३ मध्ये गोल्फपटू जॅक निक्लॉस यांनी आखलेल्या डेझर्ट हायलँड्स कोर्सवर पहिला स्किन्स गेम, म्हणजे प्रत्येक होलवर वेगळं बक्षीस लावलेला सामना, झाला. स्वतः निक्लॉस, पामर, प्लेअर आणि वॉटसन अशी नामवंत गोल्फपटूंची चौकडी, आणि सामना टीव्हीवर. वाळवंटातला गोल्फ घरोघरी दिसला तो तिथून.

[दृश्य: ट्रकवर आडवा बांधलेला सग्वारो.]

कोर्सच्या वाटेत येणारा सग्वारो निवडुंग मनाला येईल तसा तोडता येत नाही, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास ते सत्तर वर्षं लागतात. म्हणून तो मुळांसकट काढायचा आणि दुसरीकडे लावायचा. लावताना दिशा सांभाळावी लागते. उत्तरेकडची बाजू उत्तरेकडेच हवी, नाहीतर सावलीत वाढलेली साल उन्हानं भाजून निघते. पालो व्हर्डे, आयर्नवुड ही झाडं लाकडी पेट्यांत काढून ठेवतात आणि बांधकाम संपलं की परत लावतात. तुम्हाला पडद्यावर जे अस्सल वाळवंट दिसतंय, त्यातलं बरंचसं असं उचलून लावलेलं आहे.

पाणी येतं कुठून? उत्तर स्कॉट्सडेलमधल्या अनेक कोर्सना शहराचं सांडपाणी शुद्ध करून पुरवलं जातं. त्यातही अडचण होती, सोडियमची. मीठ साचलं की ग्रीनवरचं नाजूक गवत आधी मान टाकतं. तेव्हा ते क्षार काढणारी जास्तीची यंत्रणा उभी राहिली आणि तिच्या खर्चाचा भार कोर्सवाल्यांनी उचलला.

इथवर सगळं शहाणपणाचं वाटतं. आमचं भांडण आहे ते हिवाळ्याशी.

[दृश्य: ऑक्टोबर. बंद कोर्स, खरवडलेला फेअरवे, फिरते तुषार.]

इथल्या कोर्सवरचं कायमचं गवत बर्म्युडा. कडक उन्हाचं. थंडीत ते मरत नाही, नुसतं झोपतं आणि पिवळट होतं. त्यावर खेळता येतं, चेंडू उलट जास्तच घरंगळतो. पण बर्फातून पळून आलेले पाहुणे नेमके हिवाळ्यात येतात, फिनिक्स ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा त्याच दिवसांत होते, आणि कॅमेऱ्याला हिरवं लागतं. म्हणून शरद ऋतूत कोर्स काही आठवडे बंद ठेवायचा, बर्म्युडा अगदी जमिनीलगत कापायचा, वर थंडीत हिरवं राहणाऱ्या राय गवताचं बी पेरायचं आणि ते रुजेपर्यंत दिवसातून अनेकदा पाणी शिंपायचं. ज्या महिन्यांत गवताची तहान आपोआप उतरली असती, नेमक्या त्याच महिन्यांत. नव्वद एकरांच्या शिस्तीत हे एवढं खटकतं. काही कोर्स आता फेअरवे पेरत नाहीत, काही गवतावर हिरवा रंग फवारतात. रंग फवारणं हास्यास्पद दिसतं खरं, पण त्याला पाणी जवळजवळ लागत नाही.

बाकीच्या कोर्सवर वसंत सरता सरता नवंच काम निघतं. राय हटत नाही, खालच्या बर्म्युडाला ऊन मिळत नाही. मग राय अगदी बारीक कापतात आणि त्याचं पाणी तोडतात.